कोंबडीचं शेवटचं पान

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी आई मी शाळेत असल्यापासून म्हणायची. लग्न झालं की भिंगरी थांबेल, अशी तिची समजूत होती. झालं उलटंच, भिंगरीला रेल्वेचं वेळापत्रक मिळालं. आम्ही राहतो हिंगणघाटला आणि माझी नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत. सकाळची गाडी धरायची, स्टेशनवरून ऑटो, दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं नाही तर बसनं परत. नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तो नवी तार गुंडाळून चालू करून देतो, आणि हंगामात त्याला स्वतःच्या जेवणाचीही शुद्ध नसते.

लेक झाली, रजा संपली आणि मी पुन्हा गाडी धरू लागले. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, सगळं सासूबाईंकडं गेलं. त्यांनी ते कपाळाला आठी न घालता केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पोर पडली की ‘आज्जी’ म्हणून रडायची, मी समोर उभी असले तरी. आपल्या मागं मूल सुखात आहे हे पाहून आईला बरं वाटायला हवं. मला बरं वाटत नव्हतं. ही मला संध्याकाळी येणारी पाहुणी समजते की काय, या विचारानं मी गाडीत खिडकीशी बसून नखं खायची.

म्हणून ती तीन वर्षांची व्हायच्या आत मी ठरवलं की खाणंपिणं आजीचं, पण पुस्तकं माझी. तिला जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवायचं, एवढा एक तुकडा तरी माझा असावा. तिनं मोठं होऊन म्हणावं की मला वाचायला आईनं शिकवलं. सगळा जीव मी त्या एका गोष्टीत अडकवून ठेवला.

मग पुस्तकांची खरेदी सुरू झाली. धीर हा माझा गुण नाही, त्यामुळं एक वाचून होण्याआधी दुसरं घरी येई. एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिल्याच पुस्तकात पेंग्विन निघाला. मे महिन्यात हिंगणघाटात कूलरसमोर बसून तीन वर्षांच्या पोरीला पेंग्विन समजावणं ज्याला सोपं वाटत असेल त्यानं येऊन समजवावा. लेकीनं त्याला कावळा ठरवलं आणि विषय संपवला. दुसरं पुस्तक चांगल्या सवयींचं. त्यात दात न घासणाऱ्या मुलाचे दात एके दिवशी पळून जातात. ते ऐकल्यावर तिनं तोंड गच्च मिटून घेतलं, ते ब्रशसाठीसुद्धा उघडेना. तिसऱ्यात ससा होता. ‘ससा आनंदित झाला व त्याने उड्या मारण्यास प्रारंभ केला.’ असा ससा मी तरी तालुक्यात पाहिला नाही, तहसील कार्यालयात असला तर माहीत नाही.

आणि या सगळ्या पुस्तकांतल्या आया घरात. कुणी केक करते आहे, कुणी बागेत पाणी घालते आहे, कुणी खुर्चीवर बसून लोकर विणते आहे. एकीच्याही खांद्यावर पर्स नव्हती. एकीलाही गाडी धरायची नव्हती.

माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण आहे, तिची दोन मुलं वाचनाच्या बाबतीत मार्गी लागलेली. डबा खाताना ती म्हणाली, “पान जाड पाहिजे, वाक्य लहान पाहिजे, आणि एखादी ओळ घडीघडी आली पाहिजे. बाकी त्याच्यात बोध असो का नसो. आणि तू तिची परीक्षा घेऊन राह्यली असशील, ते बंद कर.”

घेतच होते. ‘हे काय? आणि हे? रंग कोणता? किती पक्षी?’ पोर प्रत्येक प्रश्नाला ‘आज्जी’ असं उत्तर द्यायची आणि उठून आजीकडे जायची.

आमच्या घरात पुस्तकाची आणखी एक गंमत होती. सासूबाई वडनेरच्या, शेतकऱ्याघरच्या. शाळा चौथीत सुटली, पण छापलेल्या कागदाबद्दल त्यांच्या मनात जो आदर आहे तो मी कुण्या प्राध्यापकातही पाहिलेला नाही. वर्तमानपत्रावर कुणी चिवडा ओतलेला त्यांना चालत नाही. पुस्तकाला पाय लागला की वाकून हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा. हे त्यांनी नातीला पक्कं शिकवलं. झालं असं की पोरीला वाचण्यापेक्षा तेच आवडलं. ती पुस्तक जमिनीवर ठेवायची, मुद्दाम पाय लावायची, वाकून नमस्कार करायची, पुन्हा पाय लावायची. सासूबाई कौतुकानं पाहत राहायच्या. मी बाजूला उभी राहून आतल्या आत धुसफुसत असे. वाचनाच्या नावानं घरात कवायत चालली होती.

कोंबडीचं पुस्तक मिळालं ते वर्ध्याला, एका शाळेच्या पटांगणावर भरलेल्या प्रदर्शनात. मिळालं म्हणजे लेकीनंच ते उचललं आणि सोडलं नाही. जाड पुठ्ठ्याची पानं, प्रत्येक पानावर एक चित्र आणि दोन ओळी. एका कोंबडीला अंडं घालायला जागा हवी असते. ती टोपलीत बसते आणि म्हणते, “इथं नको बाई, इथं गलका.” कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर बसते. इथं नको बाई, इथं गलका. बैलगाडीच्या चाकाशी, चुलीमागं, आजोबांच्या पागोट्यात. कुठंच तिचं जमत नाही. शेवटच्या पानावर ती एका कोनाड्यात शिरते, पंख फुगवते आणि म्हणते, “इथं बरं. इथंच बसते.” एवढीच गोष्ट. बोध नाही, फळांची नावं नाहीत, दात पळून जात नाहीत. मी जरा नाराजीनंच ते घेतलं.

आणि पोर त्या कोंबडीसाठी वेडी झाली.

वाचायची वेळ सकाळचीच होती, दुसरी नव्हतीच. संध्याकाळी मी आले की हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात. दिवसभर सासूबाईंनी मूल सांभाळलं, आता ओट्याशी त्या उभ्या कशा राहणार? तोवर पोर जेवून पेंगुळलेली असायची. सकाळी मात्र मी उठले की तीही उठायची. डबा भरायचा, वेणी घालायची, पर्स खांद्याला अडकवायची आणि दिवाणाच्या कडेवर टेकून कोंबडी वाचायची. एक डोळा पानावर, एक भिंतीवरच्या घड्याळावर. शेवटचं पान झालं की मी उठायची. ती पदराला लोंबकळायची, “पुन्ना! पुन्ना!” मी म्हणायची, “उद्या हं, राणी.” तिचं रडणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

खरं सांगते, त्या रडण्यानं माझा जीव सुपाएवढा व्हायचा. गाडीत बसून मी मैत्रिणीला सांगायची, “माझी पोरगी पुस्तकासाठी रडते माहीत आहे?” ती म्हणायची, “बघ, लागली ना गोडी.” लोकांची मुलं मोबाइलसाठी रडतात, माझी कोंबडीसाठी. आता लवकर पुढच्या पुस्तकाकडे जायला हवं, असं मला वाटू लागलं. मला त्या कोंबडीचा कंटाळा आला होता. तोंडपाठ झाली होती, मी न बघताच वाचायची, मधूनच डब्याचं झाकण लावायची, केसांत पिना खोचायची. नवीन पुस्तक आणलं की पोर ते बाजूला सारून कोंबडीच आणून द्यायची.

पुढं पुढं तिनं एक नवा खेळ काढला. पागोट्याचं पान झालं की शेवटच्या पानावर ती तळहात दाबून धरायची. मी हात हळूच उचलून पान उलटायची, तर ती हात माझ्या तोंडावर ठेवायची. मला मौज वाटायची. हात बाजूला करून मी कोंबडीच्या आवाजात म्हणायची, “इथं बरं. इथंच बसते,” आणि उठायची.

मग एका सकाळी पुस्तक उघडलं तर शेवटचं पान नाही. जाड पुठ्ठा, तोही मुळापासून ओढून काढलेला, शिलाईचे दोरे लोंबत होते. एवढ्याशा हातांत तेवढा जोर आला कुठून हे मला कळेना. ते पान कुठं गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. दिवाणाखाली, गादीखाली, धान्याच्या कोठीमागं, सगळीकडे पाहून झालं. मी रागावले. पुस्तक फाडतात का, सरस्वती असते ना ती, असं सासूबाईंचंच वाक्य मी त्यांच्याच आवाजात बोलले. पोर खाली मान घालून उभी राहिली. ती रडली नाही, नमस्कारही केला नाही.

तरी वाचन चालू राहिलं. पान नसलं म्हणून काय झालं, मला पाठच होतं. पागोट्यापर्यंत वाचायची, पुस्तक मिटायची, तोंडानं म्हणायची, “इथं बरं, इथंच बसते,” आणि उठायची. ते म्हटलं की पोर फाटलेल्या दोऱ्यांकडे बघत बसायची. तिला पान गेल्याचं वाईट वाटतंय, असा मी अर्थ लावला.

दसरा आला. आमच्याकडे नवमीला दुकानातली हत्यारं धुऊनपुसून घरी येतात आणि पूजेला बसतात, त्यांच्या शेजारी पाटावर पुस्तकं. सासूबाईंनी नातीची पुस्तकं मांडली, पेंग्विनला झेंडू वाहिला, दात पळून गेलेल्या पोराला हळदकुंकू लावलं. मी घाईघाईत नमस्कार केला आणि गाडीला पळाले, त्या दिवशी मला सुट्टी नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाणावर टेकले आणि म्हटलं, “आण कोंबडी.”

पोर म्हणाली, “नाई.”

“नाई म्हणजे?”

“पान्यात गेली.”

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, “शिरवलं ना बाई ते. काल घट शिरवाले गेलती, फुलाच्या थैलीत तेबी ठेवलं.”

आमच्या भागात घट शिरवतात, गणपती शिरवतात, जुनी पोथी, तडा गेलेली मूर्ती, देवाचा फाटका फोटो शिरवतात. वाहत्या पाण्यात सोडतात. पण मुलांचं पुस्तक शिरवलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“काऊन पण आई?”

“खंडित झालं होतं ना. फाटकं पुस्तक पूजेत ठेवत नाई. आन कचऱ्यात टाकाव तर सरस्वती आहे. मंग काय करू? तुले तर ते आवडतबी नोयतं. तूच म्हणे का आता दुसरं वाचू.”

त्यांच्या हातात कणीक, चेहऱ्यावर निरागसपणा. कुणी पुस्तक रद्दीत घातलं असतं तर मी भांडले असते, पण इथं ते दिवा ओवाळून, फुलांसोबत, देवाच्या इतमामानं वणा नदीत सोडलं गेलं होतं. घड्याळ पुढं सरकत होतं. मी “बरं” म्हटलं, पण डबा असा आपटला की झाकण उडून गॅसखाली गेलं. सासूबाईंनी ते वाकून काढलं, पुसलं आणि डब्याला लावून दिलं.

गाडीत मला रडू आलं. एवढं चिवटपणानं जमवलेलं, त्यांनी एका थैलीत घालून वाहवून दिलं असं वाटत राहिलं. माझा तेवढाच एक तुकडा होता, तोही गेला.

त्यानंतर पोरीनं पुस्तक हातात धरलं नाही. मी सगळं करून पाहिलं. प्रदर्शन केव्हाच उठलं होतं. वर्ध्यातल्या दुकानांत विचारलं, नागपूरला जाणाऱ्यांना सांगितलं, कोंबडी काही मिळाली नाही. बदकाचं पुस्तक आणलं, मांजरीचं आणलं. ती दोन पानं बघायची आणि सकाळी सकाळी आजीच्या पदराआड जाऊन बसायची. मी निघताना रडणंही बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, “चांगलं झालं, शहाणी झाली.” ज्या रडण्यावर मी फुशारकी मारत होते ते बंद झालं आणि घर मला फार शांत वाटायला लागलं.

सासूबाईंनाही ते लागलं होतं. बोलून दाखवलं नाही, पण येईल त्याला त्या सांगू लागल्या, “कोंबडीचं पुस्तक दिसलं तर आणजो रे बाप्पा.” मोटार भरायला येणाऱ्या शेतकऱ्यांनासुद्धा नवऱ्याकरवी निरोप गेले.

पोरीनं एक मात्र धरून ठेवलं. “पुस्तक कुठी गेलं ते दाखव.” सकाळ, दुपार, संध्याकाळ. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, “दाखवून आणा ना एक डाव नदी. सुटन पीडा.”

रविवारी आम्ही तिघी गेलो. वणेला पाणी बऱ्यापैकी होतं. काठाशी लोकांनी सोडलेली निर्माल्याची पोती फुगून पडली होती, झेंडूच्या माळा काळ्या पडल्या होत्या, एका देवीचा मातीचा हात चिखलातून वर आला होता. माझा पाय काही तिथं ठरेना. उन्हं वाढत होती, घरी धुणं पडलं होतं, सोमवारची भाजी आणायची होती. सासूबाईंनी बोट करून दाखवलं, “इथून सोडलं होतं पाह्य माय. आता गेली असन ते कोंबडी लय दूर.”

पोरीनं पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल. ती घाटाच्या पायरीवर बसली, फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढून घेतला आणि दोन्ही तळहात पुस्तकासारखे उघडले.

“कोंबडी बसली टोपलीत,” ती म्हणाली. “इथं नको बाई, इथं गलका.”

तिनं एक हात मिटून पुन्हा उघडला. पान उलटलं होतं. मग ती मान वर करून समोरच्या झाडाकडे बघत म्हणाली, “आई, डबा भरला का? पोळ्या दोनच ठेवा.” आणि पुन्हा तळहातात बघून, “कोंबडी बसली कुटारावर. इथं नको बाई, इथं गलका. हं, पुढं.”

सासूबाई खळखळून हसल्या. मीही हसले. ती माझा आवाज काढत होती, हुबेहूब, त्यातली घाईसुद्धा.

“कोंबडी बसली चाकाशी. थांब हं, फोन आहे. हॅलो, हाव, निघालीच. इथं नको बाई, इथं गलका. कोंबडी बसली चुलीमागं. पिन कुठी ठेवली माही? हं, पुढं.”

तेव्हा माझं हसू ओसरलं. ती नक्कल करत नव्हती. तिच्या लेखी हे सगळं पुस्तकातलंच होतं. चाकाच्या पानावर फोन होता, चुलीच्या पानावर पिन होती. मी तिला रोज जसं वाचून दाखवलं होतं तसंच ती अक्षर न चुकता वाचत होती. मला कोंबडी पाठ आहे असं मी समजत होते, पण तिला मी पाठ होते.

पागोट्याचं पान झालं. तिनं तळहात मिटले, क्षणभर मिटलेले ठेवले आणि पुन्हा उघडले. “कोंबडी बसली टोपलीत.”

“अगं, पुढचं राहिलं ना,” मी म्हणाले. “कोंबडी शेवटी कुठं बसली?”

तिनं पुन्हा तळहात मिटले.

“कोनाड्यात ना? काय म्हणाली ती? इथं बरं…”

तिनं झटकन हात माझ्या तोंडावर ठेवला. मातीचा, उन्हानं तापलेला हात. आणि माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हणाली, “ते पान नाई. ते पान आलं का तू जातं.”

पलीकडं कुणीतरी कपडे आपटत होतं. सासूबाई हळू म्हणाल्या, “मले वाटलं, लेकरानं असंच खेळता खेळता फाडलं.”

मला काय वाटलं होतं ते तर मी गाडीभर सांगत फिरले होते. पुस्तकाची गोडी लागली म्हणून. तिला पुस्तक संपायला नको होतं, कारण ते संपलं की आई संपत होती. रोज सकाळी ‘इथंच बसते’ असं म्हणून मी उठत होते, पर्स खांद्यावर, आणि ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा की पायावर, या पेचात पडत होती. म्हणून तिनं आधी पानावर हात ठेवला, मग माझ्या तोंडावर, आणि शेवटी सगळा जोर लावून पानच काढून टाकलं. तरी मी जातच राहिले. मला तिथं पायरीवर हुंदका आला, आणि तो मी दाबला नाही. पोरीनं माझ्या तोंडावरचा हात काढून माझे डोळे पुसले, म्हणजे गाल मातीनं माखले.

गाडी काही मला सोडता येणार नव्हती. नोकरी आहे, ती राहणार. घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, “सकाळी वाचायचं बंद करू. संध्याकाळी आले की वाचेन.” त्या म्हणाल्या, “संध्याकाळी मंग बस तू तिच्यापाशी. भाजी मी टाकते.” मी म्हटलं, “तुम्ही दिवसभर…” त्या म्हणाल्या, “बस म्हनलं ना.”

पण वाचायचं काय? बदक, मांजर, सगळ्यांवर तिचा बहिष्कार होता. त्या आठवड्यात सासूबाईंचे भाऊ वडनेरहून मोटार भरायला आले. बहिणीचा निरोप त्यांनी मनावर घेतला होता. पिशवीतून त्यांनी एक पुस्तिका काढून दिली. “घे माय, कोंबडीचं पुस्तक.” मी मुखपृष्ठ पाहिलं. कुक्कुटपालन. त्यांना कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात फुकट मिळालेलं. आत लसीकरण, खाद्याचं प्रमाण, खुराड्याची लांबीरुंदी, कोंबड्यांना होणारे रोग आणि रंगीत फोटो. हसावं की रडावं तेच कळेना. प्रदर्शनांमधून निवडून निवडून आणलेली माझी पुस्तकं एकीकडे आणि हे एकीकडे.

पोरीनं ते आल्याबरोबर छातीशी धरलं.

आता आम्ही रोज कुक्कुटपालन वाचतो. पर्स आल्या आल्या खुंटीला. लसीकरणाच्या पानावर एक कोंबडी मान वाकडी करून उभी आहे, ती म्हणते, “इथं नको बाई, इथं गलका.” खाद्याच्या पानावरची तेच म्हणते. मानमोडी रोगाच्या पानावरच्या बिचारीचं काय म्हणणं आहे ते आम्ही रोज नवीन ठरवतो. पोर सांगते, मी ऐकते. मधूनच माझा हात सवयीनं फोनकडे जातो, पाय हलायला लागतात, आणि ती लगेच ओळखते. “हं, पुढं,” म्हणते, माझ्याच आवाजात. मी फोन उशीखाली सरकवते. बसणं मला अजून शिकावंच लागतं आहे, आणि रोज जमतंच असं नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक फोटो आहे. लाकडी खोक्यात कुटार, कुटारावर लाल कोंबडी, तिच्या पोटाखालून दिसणारी अंडी. ते पान आम्ही कधी वाचलंच नव्हतं. तिथं आलं की ती पानावर हात दाबून धरायची आणि मी तो उचलायची नाही. आम्ही मागं फिरायचो.

परवा संध्याकाळी तिथवर आलो. तिनं हात ठेवला. मी थांबले. तिनं मान वळवून माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या खांद्याकडे, मग खुंटीकडे. पर्स तिथं होती. तिनं हळूच एक एक बोट उचललं आणि कोंबडी उघडी केली.

“इथं बरं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“इथंच बसते,” मी म्हणाले.

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, पाठोपाठ आणखी एक. सासूबाईंनीच उठून गॅस बंद केला.